अनामिकेचा दाब

ताईने गिटार माझ्या प्रयोगशाळेत आणली तेव्हा ती जुन्या चादरीत गुंडाळलेली होती आणि ताईचा डावा हात जाकिटाच्या खिशात होता. दोन्ही गोष्टी मला दिसल्या. त्यांपैकी दुसरीला मी पुरावा मानले.

प्रयोगशाळा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते तसे आमच्याकडे काही नाही. धूर नाही, रंगीत द्रव नाहीत. कारखान्यांतून आलेली मोजमापाची साधने आम्ही तपासतो आणि ती किती खोटे बोलतात ते कागदावर लिहून देतो. खोलीचे तापमान वर्षभर वीस अंश, हवेतील आर्द्रता पन्नास टक्के. आलेली वस्तू आधी निदान चोवीस तास नुसती ठेवायची, खोलीशी तिचे जमले की मगच तिला हात लावायचा, असा नियम आहे. मी तो बावीस वर्षे पाळत आलो आहे. घरात मला मोजपट्टी म्हणतात. हे नाव ताईनेच ठेवले, मी सातवीत असताना, आणि ते टोमणा म्हणून ठेवले होते हे मी कॉलेजात गेल्यावर माझ्या लक्षात आले.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. मेणात दात बसवायचे, हिरड्यांचा आकार कोरायचा, मग ते सारे साच्यात घालून उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या जागी पक्का माल भरायचा, असे ते काम. दीड वर्षापूर्वी जिन्यावरून पडून तिचे डावे मनगट मोडले आणि कोपरापाशी नस दुखावली गेली. अनामिका आणि करंगळी कित्येक महिने बधिर होत्या. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, डॉक्टर म्हणाले नव्वद टक्के परत आले आहे. उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल घरात कुणी बोलत नसे. ती पुन्हा कामाला लागली, फक्त दवाखान्यामागच्या कार्यशाळेत न जाता घरातल्या मागच्या खोलीत टेबल टाकून. गिटार तिने सेहेचाळिसाव्या वर्षी हातात घेतली होती. हात मोडल्यानंतर ती पुन्हा वाजवता येणे हीच तिची बरे झाल्याची व्याख्या होती. चौघांचा त्यांचा एक बँड आहे. त्यात गाणारा औषधविक्रेता आहे आणि सराव त्याच्याच गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये चालतो.

तिची तक्रार नेमकी होती. जाड तारांपैकी पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटपाशी, म्हणजे दांड्यावरच्या तिसऱ्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, बोट दाबले की स्वराबरोबर झर्र असा आवाज येतो. इतर ठिकाणीही थोडा येतो, पण तिथे फार. गेल्या दोन महिन्यांपासून. त्या जागी तिची अनामिका पडते, हे तिने मला सांगितले नाही. ते मी तिला विचारून काढून घेतले.

घरी येऊन ऐक, असे ती म्हणाली होती. मी म्हणालो की घरी ऐकण्याला काही अर्थ नाही, तिथे कशावरच नियंत्रण नसते.

"अरे मोजपट्टी, गिटार आहे ती," ती म्हणाली. "तिच्यावर नियंत्रण कशाला? तिला वाजवायचं असतं."

मी हसलो आणि शुक्रवारी तिच्याकडून गिटार मागवून घेतली. शनिवार, रविवार ती आमच्या खोलीत दोन मऊ ठोकळ्यांवर आडवी पडून राहिली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तपासणी सुरू केली.

मला गिटार वाजवता येत नाही, पण तार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. झरझर म्हणजे कंप पावणारी तार जिथे लागू नये अशा कशाला तरी लागणे. प्रश्न एवढाच की कशाला. मोकळी तार झरझरत असेल तर टोकाच्या खाचेत दोष. एकाच फ्रेटवर झरझरत असेल तर पुढचा फ्रेट उंच. सगळीकडे झरझरत असेल तर तारा फार खाली. सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटवर असेल तर मान, म्हणजे तो दांडा, हवी तितकी वाकलेली नाही, कारण गिटारची मान अगदी सरळ चालत नाही. तारेला हलायला जागा मिळावी म्हणून तिला मध्ये किंचित पोक असावा लागतो. आणि यांपैकी काहीच नसेल तर एखादा सैल स्क्रू, एखादी स्प्रिंग. हे सगळे मी एका संध्याकाळी वाचून काढले होते आणि एवढे सोपे शास्त्र असताना लोक या विषयावर इतके हळवे होऊन का लिहितात, याचे मला नवल वाटले होते.

एकेक शक्यता मी क्रमाने खोडली. स्क्रू सगळे घट्ट. खाचांची खोली योग्य. तीन फ्रेटवर एकदम टेकणारी छोटी पट्टी घेऊन सगळे फ्रेट तपासले. एकही उंच नव्हता. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठराविक जाडीची, पाती सरकवली: बावीस शतांश मिलिमीटर. पुस्तकात हवे तितकेच. मग मी स्वतः पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली आणि छेडली. स्वच्छ स्वर आला. वीस वेळा छेडली, वीस वेळा स्वच्छ. मायक्रोफोन लावून त्याचा आलेखही काढला. आलेखातही झरझर नव्हती.

यानंतर मी जो निष्कर्ष काढला तो मी आजवर अनेकदा मनात उलगडून पाहिला आहे. गिटार तीच, तार तीच, जागा तीच. बदलला तो फक्त दाबणारा हात. म्हणून दोष हातात. वाक्य इतके गोळीबंद होते की त्याच्या आत डोकावून पाहावे असे मला वाटले नाही. त्याच जागी तर्जनी ठेवून पाहा, एवढी साधी चाचणी मी ताईला सांगितली नाही. दोन महिन्यांपूर्वी नेमके काय बदलले, हेही मी विचारले नाही. दुसऱ्या कुणाच्या अहवालात मी या दोन चुका पाहिल्या असत्या तर समासात लाल रेघ ओढून तो परत पाठवला असता.

मी एक पान लिहिले. तक्ता, मोजमापे, वापरलेल्या साधनांची यादी. शेवटी: 'वाद्यात दोष आढळला नाही. वादकाच्या डाव्या हाताच्या अनामिकेचा दाब अपुरा असण्याची शक्यता सर्वाधिक.' शक्यता हा शब्द मी विचारपूर्वक घातला होता. आमच्या धंद्यात हा शब्द छत्रीसारखा वापरतात.

ताईचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. बरं झालं स्पष्ट सांगितलंस, बाकी सगळे गोड बोलतात, एवढेच. मला समाधान वाटले. मायेच्या माणसाला खरे सांगणे अवघड असते आणि ते मी केले, असे मी बायकोला म्हणाल्याचेही आठवते. ती म्हणाली, एक फोन केला असतास तर बरे झाले असते, पान कशाला. मी म्हणालो, फोनवर तक्ता दाखवता येत नाही.

पुढच्या महिन्याच्या बातम्या मला भावोजींकडून कळत गेल्या. भावोजी निवृत्त भूगोल शिक्षक आहेत आणि वाईट बातमी हवामानाच्या सुरात सांगतात. ताईने रबरी चेंडू आणला आहे आणि टीव्ही बघताना तो दाबत बसते. ताई अनामिकेने पाण्याची बाटली उचलते. ताईने पुढच्या दातांचे बारीक कोरीव काम आता दवाखान्यातल्या सहकारी बाईंकडे सोपवायला सुरुवात केली आहे, कारण बोटावर भरवसा उरला नाही. स्वतः फक्त दाढा करते. हे शेवटचे ऐकून मला पहिल्यांदा थोडे अस्वस्थ वाटले, पण ती अस्वस्थता तिच्या बोटाबद्दल होती. मग कळले की तिने बँडला दुसरा माणूस शोधायला सांगितले. औषधविक्रेता घरी येऊन दोन तास बसला, म्हणाला की एवढ्याशा झरझरीने काही बिघडत नाही, आमच्या ढोलाचं कातडंही ढिलंच आहे. ताई बधली नाही. तिने त्याला माझे पान दाखवले.

एका शनिवारी तिचा मला निरोप आला. गिटार घेऊन जा, तुझ्या ओळखीत कुणाला हवी असेल तर दे, नुसती टांगलेली बघवत नाही.

मी दुपारी गेलो. ताई मागच्या खोलीत होती. त्या खोलीत मी ती कार्यशाळा झाल्यापासून पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने आकडा. मेणाच्या गुलाबी चकत्या, कोरायच्या सुऱ्या, एक छोटी ज्योत. कोपऱ्यातल्या शेगडीवर मोठे भांडे उकळत होते आणि त्यात पितळी साचे बुडवलेले होते. खिडकीच्या काचेवरून वाफेचे ओघळ उतरत होते. भांड्यापासून हातभर अंतरावर, भिंतीवरच्या खुंटीला, गिटार लटकत होती. मेण वितळायला वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात वाजवता यावे म्हणून तिथेच टांगली, असे तिने सांगितले. बोलताना तिची पाठ माझ्याकडे होती. कधीपासून, मी विचारले. काम घरी आणलं, सगळं लावून झालं, तेव्हापासून; झाले असतील साडेतीन-चार महिने.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला आणि ती बोलत पुढच्या खोलीत गेली. मी गिटार खुंटीवरून उतरवली. मानेच्या लाकडाला हात लावला तर ते घामेजल्यासारखे वाटले. का कोण जाणे, मी पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली. अंगठ्याने दाबली, कारण मला दुसऱ्या बोटांनी नीट जमत नाही; पूर्ण जोर लावून, नख पांढरे होईपर्यंत. आणि छेडली.

झर्र.

मी पुन्हा छेडली. पुन्हा झर्र, स्पष्ट, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असे. दुसऱ्या फ्रेटवर दाबून पाहिले, तिथेही. माझा अंगठा कधी मोडलेला नाही. माझी कुठलीच नस दुखावलेली नाही. पुढच्या खोलीत ताईचे बोलणे क्षणभर थांबल्यासारखे वाटले आणि मी तळहात तारांवर दाबून आवाज बंद केला. ते मी विचार करून केले नाही. हाताने आपणहून केले, चोराचा हात करतो तसे.

ती आत आली तोवर मी गिटार चादरीत गुंडाळली होती. तिने गाठ मारायला मदत केली. डाव्या हाताची दोन बोटे बाजूला वाकडी ठेवून, उजव्या हाताने. चांगल्या घरी दे म्हणाली.

वाद्ये दुरुस्त करणारा कारागीर माझ्या एका सहकाऱ्याने सांगितला होता. मी तिथूनच थेट त्याच्याकडे गेलो. त्याचे दुकान सायकलींच्या दुकानाखाली तळघरात आहे. पाच पायऱ्या उतरायच्या, डोके वाकवायचे. त्याने दोन चष्मे लावले होते, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. मी त्याला सगळे सांगितले. म्हणजे माझी मोजमापे सांगितली, आलेख सांगितला. बहीण, हात यातले काही सांगितले नाही. त्याने गिटार मांडीवर उभी धरली, वाजवतात तशी, एका डोळ्याने मानेवरून नजर लावली, आणि मग फीलर गेज घातले. तीन शतांश. मान जवळजवळ सपाट होती.

"ही राहते कुठे?" त्याने विचारले.

मी खोलीचे वर्णन केले. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक सभ्य हसू पसरले.

"आणि तुम्ही मोजली कुठे? थंडगार कोरड्या खोलीत, तीन दिवस झोपवून?" तो म्हणाला. "साहेब, ताप आलेल्या माणसाला आधी बर्फात बसवलंत आणि मग थर्मामीटर लावलात."

मग त्याने मला समजावून सांगितले, जे त्याने मला समजावण्याची काहीच गरज नव्हती. मानेची मागची बाजू लाखेने बंद केलेली. पुढची, फ्रेट बसवलेली पट्टी, उघडे लाकूड. वाफ शिरते ती एकाच बाजूने. ती बाजू फुगते, लांबते आणि मान मागे रेलते. पोक जातो, तारेला हलायला जागा उरत नाही. कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस ठेवली की पाणी उडून जाते आणि मान पुन्हा होती तशी. हे पदार्थविज्ञान मी स्वतः शिकवलेले आहे, लाकडाऐवजी दोन धातूंच्या पट्ट्या घेऊन. माझी चोवीस तासांची शिस्त, जिचा हेतू चूक टाळणे हा होता, तिनेच रोग धुऊन काढला होता आणि मी निरोगी गिटारचे निरोगी आकडे लिहून माझ्या बहिणीला आजारी ठरवले होते.

त्याने आठवडाभर गिटार दुकानात ठेवून घेतली. पुढच्या शनिवारी पोक पुन्हा एकवीस-बावीस शतांश झाला होता. काही दुरुस्त करण्यासारखे नाही, असे तो म्हणाला. एक तर खोली बदला. किंवा मालकाला त्याच खोलीत वाजवायची असेल, तर तिथेच बसून मानेच्या पोटातली सळई थोडी सैल करा, म्हणजे मान त्या हवेत नीट बसेल. त्याने मला एक छोटी वाकडी चावी दिली आणि पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका असे बजावले.

चावी खिशात होती. गाडीत बसून मी ताईला काय सांगायचे याची वाक्ये जुळवली. ती सगळी कर्मणी प्रयोगात होती. 'असे लक्षात आले आहे की', 'विचारात घेतले गेले नाही'. एकाही वाक्यात मी नव्हतो.

दार ताईनेच उघडले. माझ्या हातात गिटार पाहून ती म्हणाली, का रे, कुणी घेतली नाही? मी म्हणालो, एकदा वाजवून तर पाहा. एवढेच म्हणालो. पुढचे वाक्य तयार होते, पण ती तोवर सोफ्याच्या हातावर बसून बोटे मांडत होती. अनामिका पाचव्या तारेवर गेली. तिने डोळे मिटून छेडले. स्वर स्वच्छ आला. तिने पुन्हा छेडले. मग तिने बोट तारेवरून उचलून डोळ्यांसमोर धरले आणि त्याच्याकडे बघत राहिली, हरवलेली वस्तू सापडल्यावर आपण तिची तपासणी करतो तसे.

"आलं रे परत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. भावोजी स्वयंपाकघरातून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तुझ्यामुळे ती नेटाने व्यायामाला लागली, असे ते म्हणाले. ताईनेही तेच म्हटले. तू खरं बोललास म्हणून.

त्या क्षणी बोलायला हवे होते. मी हिशेब केला: ती आनंदात आहे, गिटार ठीक आहे, बोट ठीक आहे, बँडला ती आजच फोन करेल, माझे पान चुकीचे असले तरी त्याचा परिणाम आता शून्य आहे. आकडेमोड बरोबर होती. फक्त मी जाता जाता म्हणालो की गिटार पुढच्या खोलीत टांग, शोभून दिसेल. का ते सांगितले नाही. सांगितले असते तर बाकीचे सगळे सांगावे लागले असते.

ताई शोभेसाठी काही करत नाही. दुसऱ्याच दिवशी गिटार भांड्याशेजारच्या खुंटीवर परत गेली असणार.

तीन आठवडे मी तिचा फोन आला की आधी आवाज ऐकायचो आणि मग शब्द. आवाज चांगला होता. पुढचे दात तिने स्वतःकडे परत घेतले. बँडमध्ये तिची जागा रिकामीच होती. औषधविक्रेत्याने माणूस शोधलाच नव्हता, शोधतोय असे नुसते सांगितले होते. चौथ्या आठवड्यात फोन आला आणि आवाज सपाट होता. परत सुरू झालंय, ती म्हणाली. आणि या वेळी मी वाट पाहणार नाही. ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. तपासणीत स्पष्ट असे काही दिसले नव्हते, नस जराशी मंद, म्हटली तर ठीक, म्हटली तर नाही. पण तक्रार परत परत येत असेल तर कोपराशी पुन्हा उघडून नस मोकळी करता येईल, निर्णय तुमचा, असे ते म्हणाले. तिने निर्णय घेतला होता. पुढच्या गुरुवारी.

"तुझा कागद दाखवला त्यांना," ती म्हणाली. "फाइलला लावून घेतला. फार व्यवस्थित लिहिलंय म्हणाले."

मी तिला म्हणालो की मी येतो. आता? आता. तिला वाटले मी धीर द्यायला येतोय. नको रे, एवढं काही नाही, म्हणाली.

ती मागच्या खोलीतच होती. भांडे उकळत होते. मी दारातच उभा राहिलो, कारण आत जाऊन बसलो असतो तर तिने पाणी विचारले असते आणि मी ते प्यालो असतो.

"ताई, दोष तुझ्या बोटात कधीच नव्हता," मी म्हणालो. "माझी तपासणी चुकली. मला पाच आठवड्यांपूर्वीच कळलं, इथेच, या खोलीत. मी तुला सांगितलं नाही."

मग मी वाफ, लाकूड, मान हे सारे सांगितले. ती हातातली मेणाची सुरी न ठेवता ऐकत होती. मी सांगत असताना माझ्या लक्षात आले की शास्त्राचा भाग मी लांबवतो आहे, कारण तो संपला की उरणार होतो मी.

तिने एकच विचारले. "मी रडले त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हो."

तिने सुरी ठेवली. टेबलावरचा एक जबडा ओळीत सरळ केला. मग जे म्हणाली त्यात आवाज चढवलेला नव्हता.

"तर्जनीनेही दाबून पाहिलं होतं मी. तुझ्याकडे आणायच्या आधीच, पहिल्याच आठवड्यात. तर्जनीनेही झर्र यायचं. तेव्हा वाटलं, गिटारच बिघडलीय. मग तुझा कागद आला. मग मला वाटलं, तर्जनीपण गेली. कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. दोन महिने मी सुरी धरायला घाबरत होते, तर्जनी निसटेल म्हणून."

जी चाचणी मी सुचवायला विसरलो ती तिने केली होती, योग्य निष्कर्ष काढला होता, आणि माझ्या तक्त्यासमोर तो मागे घेतला होता. माफ कर हा शब्द त्या मापाचा नव्हता. मी तरी तो म्हणालो. तिने तो ऐकला की नाही ते सांगता येत नाही.

तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि गुरुवार रद्द केला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, मोजण्यात चूक होती. कुणाची ते सांगितले नाही. शिवाय माझा कागद फाइलमधून काढून फाडून टाका, असेही सांगितले.

मग तिने खुंटीवरून गिटार उतरवली आणि स्टुलावर बसून मांडीवर घेतली. मी घाईघाईने म्हणालो की पुढच्या खोलीत टांगली तर आपोआप ठीक होईल. ती म्हणाली, मी इथे वाजवते, ती इथेच राहील. दुसरा उपाय काय? मी खिशातून वाकडी चावी काढली.

"कशी फिरवायची ते दाखव," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी तुला विचारणार नाहीये."

मानेच्या टोकाशी छोटे झाकण असते, ते मी काढून दिले. चावी कुठे बसते ते दाखवले, कुठल्या दिशेने सैल होते ते सांगितले. फिरवायला लागलो तर तिने चावी माझ्या हातातून घेतली. आधी तारा किंचित उतरवल्या, मग डाव्या हाताने चावी धरली, अनामिका आणि करंगळी तिच्या दांड्यावर टेकवून, आणि पाव फेऱ्याच्याही अलीकडे थांबली. बावीस शतांश हवेत, मी म्हणालो, आणि फीलर गेज आणले नाही म्हणून गाडीकडे जायला वळलो.

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने खण उघडला आणि कवळी चावून पाहताना दातांमध्ये धरतात त्या निळ्या कागदाची एक पट्टी फाडली. दोनशे मायक्रॉन, म्हणजे वीस शतांश, ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. पहिल्या फ्रेटवर तार दाबून धरायला तिला तिसरा हात हवा होता. मी पुढे झालो आणि तिथे बोट ठेवले. शेवटचा फ्रेट तिने उजव्या कोपराने दाबला आणि डाव्या हाताने पट्टी सातव्या फ्रेटपाशी तारेखाली सरकवली. पट्टी अडकली. तिने चावी आणखी थोडी फिरवली. पट्टी पुन्हा घातली. या वेळी ती तारेला जेमतेम चाटून गेली आणि तारेवर निळ्याची एक पुसट रेघ उमटली.

तिने सूर लावले, पाचव्या तारेवर आधी तर्जनी ठेवली आणि छेडले. मग अनामिका. मग पुन्हा तर्जनी. भांड्यातले पाणी उकळत होते, त्यामुळे मला नीट ऐकू येत नव्हते, आणि तिने मला काही विचारले नाही.